श्वास किती द्यावा?

हृदयावरील शस्त्रक्रिया आता आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना अपरिचित राहिलेली नाही. कुणाच्या वडिलांची बायपास झालेली असते, कुणाच्या मावशीच्या हृदयाची झडप बदललेली असते. शस्त्रक्रिया संपल्याचा निरोप येतो, रोझरीचे मणी सरकवणारी बोटे क्षणभर थांबतात आणि थोड्या वेळाने अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे आपले माणूस दिसते. डोळे मिटलेले, तोंडात नळी, उशाशी एक यंत्र. यंत्राच्या तालावर छाती वर येते, खाली जाते. काचेबाहेर उभ्या असलेल्यांना एवढेच समाधान पुरेसे असते की, श्वास चालू आहे.

परंतु काचेच्या आत उभ्या असलेल्या डॉक्टरांपुढे त्या वेळी एक निराळा प्रश्न असतो. श्वास यंत्र देत आहे हे खरे. पण तो किती द्यावा? किती जोराने द्यावा? झोपलेला रुग्ण 'पुरे' म्हणू शकत नाही, 'अजून हवा' असेही म्हणू शकत नाही. त्याच्या फुप्फुसालाच ते विचारावे लागते. हा प्रश्न कसा विचारावा हे शिकण्यात माणसाची शंभराहून अधिक वर्षे गेली आणि त्याचे उत्तर नीट ऐकू येईपर्यंत काही चुकाही झाल्या. त्या शोधाचा हा इतिहास आहे.

पाण्यावरचे पिंप

परमेश्वराने मातीच्या मानवाच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. तो श्वास मोजून पाहावा अशी चिकाटी मात्र फार उशिरा आली. १८४६ साली जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज शल्यचिकित्सकाने लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे एक उपकरण मांडले. पाण्यात पालथे घातलेले एक पिंप, त्याला समतोल राखणारी वजने आणि एक नळी. माणसाने पोटभर श्वास घेऊन नळीतून बाहेर सोडला की, पिंप वर उचलले जाई आणि किती हवा बाहेर पडली ते पट्टीवर वाचता येई. शिपाई, खलाशी, अग्निशामक, पहिलवान, दरिद्री लोक अशा दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास हचिन्सनने ह्या रीतीने मोजले.

त्याला आढळलेली एक गोष्ट आपल्या कथेच्या शेवटी पुन्हा उपयोगी पडणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. माणसाच्या फुप्फुसात किती हवा मावते हे त्याच्या वजनावरून नव्हे, तर प्रामुख्याने त्याच्या उंचीवरून ठरते. पाच ते सहा फूट उंचीच्या दरम्यान दर इंचामागे आठ घनइंच हवा वाढते, असा हिशेबही त्याने मांडला होता. माणूस जाडा झाला म्हणून त्याचे फुप्फुस मोठे होत नाही.

हचिन्सनने हवेचे आकारमान मोजले. ती हवा आत घेण्यास लागणारा जोर मोजणे बाकी होते. लोहाराचा भाता चालवताना हाताला जड लागला, तर दोष दोन ठिकाणी असू शकतो. एक तर भात्याचे कातडे ताठरले असेल, किंवा हवा जाण्यायेण्याची नळी चोंदली असेल. फुप्फुसाचेही तसेच आहे. श्वासनलिकांतून हवा वाहताना तिला किती रोध होतो, ह्याचे गणित स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ रोहररने १९१५ साली मांडले. त्याच देशात कुर्ट फॉन नीरगार्डने १९२९ साली दाखवून दिले की, हवेऐवजी द्रव भरले तर फुप्फुस पुष्कळ कमी दाबाने फुगते. म्हणजे फुप्फुसाचा ताठरपणा केवळ त्याच्या पेशींत नसून, वायुकोशांना आतून भिजवणाऱ्या ओलाव्याच्या पृष्ठताणातही असतो. एवढा मोलाचा शोध पुढे पंचवीसएक वर्षे जवळजवळ दुर्लक्षित राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील रॉचेस्टर येथे फेन, राह्न आणि ओटिस ह्या शास्त्रज्ञांनी उंचावर उडणाऱ्या वैमानिकांना दाबाने हवा कशी पुरवावी ह्याचा अभ्यास केला. छाती व फुप्फुस यांच्यातील दाब आणि आकारमान यांचा संबंध दाखवणारा आलेख १९४६ साली त्यातूनच प्रसिद्ध झाला. कातडे किती ताठर आणि नळी किती अरुंद, हे दोन्ही आकड्यांत सांगण्याची भाषा आता तयार झाली होती. ती प्रयोगशाळेत बोलली जात होती. रुग्णाच्या खाटेपर्यंत ती अजून पोहोचली नव्हती.

कोपनहेगनचे हात

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेग्दाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले व तरुण रोज दाखल होऊ लागले. रुग्णालयात शरीराला पेटीत बंद करून श्वास देणारे लोखंडी यंत्र एकच होते आणि छातीवर बांधायची लहान यंत्रे सहा. पहिल्या तीन आठवड्यांत अशा यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

प्रमुख वैद्य लासेन यांनी तेव्हा ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाला पाचारण केले. २७ ऑगस्ट रोजी बारा वर्षांची एक मुलगी मरणाच्या दारात होती. इब्सेनच्या सांगण्यावरून तिच्या श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवण्यात आली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला हवा देण्याचा प्रयत्न सुरू झाला. पण हवा आत जाईना. मुलगी धडपडत होती, छाती आखडली होती, पिशवी दाबली जात नव्हती. जमलेले डॉक्टर एकेक करून निघून जाऊ लागले. इब्सेनने तिला गुंगीचे औषध दिले. तिची धडपड थांबली, छाती सैल झाली आणि पिशवी हाताखाली सहज दबू लागली. मुलगी वाचली.

त्यानंतर जे घडले ते वैद्यकाच्या इतिहासात अपूर्व होय. श्वास देणारी यंत्रे नव्हती, म्हणून माणसे यंत्रांच्या जागी बसली. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे, खाटांशेजारी बसून रबरी पिशव्या दाबल्या. एका वेळी सत्तरपर्यंत रुग्ण असे दुसऱ्याच्या हातातील श्वासावर जगत होते.

ह्या विद्यार्थ्यांच्या हाताने आणखी एक काम केले, त्याचा उल्लेख क्वचितच होतो. ते हात श्वास देत होते आणि त्याच वेळी श्वास जोखतही होते. नळीत कफ साठला की पिशवी जड लागे. फुप्फुसाचा एखादा भाग मिटला की ती ताठ लागे. कफ शोषून काढला की पुन्हा हलकी होई. फुप्फुसाची तक्रार तळहाताला समजत होती. फुप्फुसाच्या यांत्रिक गुणांचे रुग्णाच्या खाटेजवळ झालेले हे मापन होते. आकडे नव्हते, इतकेच.

साथीच्या अनुभवातून यंत्रांची निकड पटली. स्वीडनच्या कार्ल-गुन्नर एंगस्ट्रॉमने बनवलेले ठरावीक मापाची हवा देणारे यंत्र रुग्णालयांत पसरू लागले. विद्यार्थी अभ्यासाला परतले. यंत्राला थकवा नव्हता, झोप नव्हती; परंतु त्याला तळहातही नव्हता. फुप्फुस मऊ असो की दगडासारखे, ठरलेली हवा ते आत ढकलीतच राही. त्याच दशकाच्या अखेरीस आलेली दुसऱ्या जातीची यंत्रे ठरावीक दाबापर्यंत हवा देत आणि थांबत. त्यांत उलटा धोका असे: फुप्फुस ताठरले की हवा कमी जाई आणि ते कुणाच्या लक्षात येत नसे.

थांबवलेले हृदय, मिटलेले फुप्फुस

कोपनहेगनची साथ ओसरली आणि पुढच्याच वर्षी, ६ मे १९५३ रोजी, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातील जन्मजात छिद्र शिवले. त्या काळात सव्वीस मिनिटे तिच्या हृदयाचे व फुप्फुसाचे संपूर्ण काम एका यंत्राने केले. गिबन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी जवळजवळ दोन दशके ह्या हृदय-फुप्फुस यंत्राचा ध्यास घेतला होता. त्या दिवसापासून उघड्या हृदयावरील शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले.

हृदय दुरुस्त करता येऊ लागले, तेव्हा डॉक्टरांना दिसले की शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री संकट पुष्कळदा फुप्फुसाकडून येते. त्याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. रक्त यंत्रातून फिरत असताना फुप्फुसांना काम नसते. ती मिटून पडतात. यंत्राच्या नळ्यांना स्पर्शून आलेल्या रक्तात दाह उत्पन्न होतो आणि त्यामुळे फुप्फुसाच्या सूक्ष्म वाहिन्यांतून पाणी झिरपते. छातीचे मधले हाड कापून तारेने पुन्हा जोडलेले असते. भूल दिल्यामुळे पाठीकडचे वायुकोश दबतात. ह्या सर्वांच्या परिणामी शस्त्रक्रियेपूर्वी मऊ असलेला भाता काही तासांपुरता ताठर होतो. बहुतेकांच्या बाबतीत तो आपोआप सैल होत जातो, काहींच्या बाबतीत होत नाही. कोणाच्या बाबतीत काय घडत आहे हे ओळखण्यासाठी यंत्राला गमावलेला तळहात परत मिळवून देणे आवश्यक होते.

येथे हृदय-शस्त्रक्रियेच्या रुग्णाची स्थिती मोजणाऱ्याला अनुकूल ठरली. कोपनहेगनच्या त्या मुलीची धडपड थांबली तेव्हाच पिशवी बोलू लागली होती. त्याप्रमाणे फुप्फुसाचे गुण नीट मोजायचे तर रुग्णाचे स्वतःचे स्नायू स्वस्थ असावे लागतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण काही तास भुलेच्या अंमलाखाली असतोच. फुप्फुसाला इजा केव्हा झाली तेही घड्याळाच्या काट्यावर ठाऊक असते. म्हणून १९६० नंतर जगभरच्या अनेक अभ्यासकांनी आपली मोजमापे ह्याच खाटांशेजारी केली.

क्षणभराचा विराम

मोजण्याची रीत दिसायला अगदी साधी आहे. यंत्र श्वास आत देते आणि मग दोन-तीन क्षण दोन्ही दारे बंद करून हवा आतच रोखून धरते. हवा वाहत असताना दाबाचा काटा उंच गेलेला असतो. वाहणे थांबताच तो थोडा खाली उतरतो आणि स्थिरावतो. त्या दोन आकड्यांत सारे गुपित असते.

एक उदाहरण घेऊ. हे दाब पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. समजा, ५०० मिलिलिटर हवा दिली. वाहताना दाब २८ पर्यंत गेला, विरामात तो २० वर स्थिरावला आणि श्वास सोडल्यानंतर फुप्फुसात ५ इतका दाब राखलेला होता. २८ आणि २० यांतील ८ चा फरक नळ्यांच्या रोधापायी खर्च झाला. २० आणि ५ यांतील १५ चा फरक फुप्फुस व छाती फुगवण्यात गेला. ५०० ला १५ ने भागले की सुमारे ३३ येतात. म्हणजे दाबाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ३३ मिलिलिटर हवा आत मावली. ह्यालाच लवचिकता म्हणतात. निरोगी, जाग्या माणसात हा आकडा शंभराच्या आसपास असतो.

आता तासाभराने वाहतानाचा दाब वाढला, पण विरामातील दाब २० च राहिला, तर डॉक्टर जाणतात की भात्याचे कातडे ठीक आहे, नळी चोंदली आहे: कफ असेल, नळी मुडपली असेल किंवा श्वासनलिका आवळल्या असतील. परंतु दोन्ही आकडे एकत्र वाढले, तर फुप्फुसच ताठरत आहे: पाणी झिरपले असेल, एखादा भाग मिटला असेल, किंवा छातीच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुस दाबले गेले असेल. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. विद्यार्थ्यांच्या तळहाताला जे अंधुक कळत होते, ते विरामाने वेगवेगळे करून दाखवले.

तरीही एक कोडे उरते. ताठरपणा फुप्फुसाचा की छातीच्या पिंजऱ्याचा? नेदरलँड्समधील बायटेंडाइक यांनी १९४९ साली अन्ननलिकेतील दाब मोजून ह्याचा मार्ग दाखवला. अन्ननलिका फुप्फुसांच्या शेजारूनच जाते. तीत एक लहानसा फुगा सोडला की, फुप्फुसाबाहेरचा दाब छातीला टोचल्यावाचून अजमावता येतो. १९६४ साली मिलिच-एमिली, मीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत निर्दोष करण्याचा यत्न केला. १९७१ साली स्वीडनमध्ये बनलेल्या सर्व्हो यंत्रात दाब आणि हवेचा प्रवाह सतत मोजणारी इलेक्ट्रॉनिक साधने आतच बसवलेली होती. अशा रीतीने यंत्राला हळूहळू स्पर्शज्ञान आले. १९७५ साली सुटर, फेअरली व आयझेनबर्ग यांनी तीव्र श्वसन-अपयशाच्या पंधरा रुग्णांचा अभ्यास करून दाखवले की, श्वासाच्या शेवटी राखण्याचा दाब बदलत गेल्यास ज्या ठिकाणी लवचिकता सर्वाधिक असते, त्याच ठिकाणी शरीराला प्राणवायूही सर्वाधिक पोहोचतो. फुप्फुसाला विचारावे आणि ते सांगेल तसे करावे, हा ह्या शोधाचा अर्थ होता.

उदारपणाची चूक

प्रश्न विचारण्याची साधने अशी हाती आली. पण उत्तर ऐकण्यास वैद्यकाने उशीर केला. १९६३ साली बॉस्टनच्या बेंडिक्सेन आणि सहकाऱ्यांनी एक योग्य निरीक्षण नोंदवले होते. भुलेखाली सतत एकसारखे लहान श्वास दिले, तर वायुकोश मिटत जातात आणि रक्तातील प्राणवायू घटतो. मधूनमधून मोठा श्वास दिला की सुधारतो. त्यातून पुढे अशी रूढी पडली की श्वास मोठाच द्यावा. शरीराच्या दर किलोमागे दहा ते पंधरा मिलिलिटर हवा देणे ही वर्षानुवर्षे नित्याची गोष्ट झाली. आजाऱ्याला ताटभर वाढावे, त्यात त्याचे भलेच होईल, अशा भाबड्या मायेसारखे ते होते.

१९७४ साली वेब आणि टिअर्नी यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात धोक्याची घंटा वाजवली. ४५ सेंटिमीटर दाबाने श्वास दिलेल्या उंदरांची निरोगी फुप्फुसे तासाभराच्या आत पाण्याने भरली. श्वास स्वतःच इजा करू शकतो, हे त्यातून दिसले. तरीही रूढी टिकली. अखेरीस २००० साली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीचा निकाल आला. फुप्फुसाला तीव्र इजा झालेल्या ८६१ रुग्णांपैकी एका गटाला दर किलोमागे १२ मिलिलिटर, तर दुसऱ्याला ६ मिलिलिटर हवा दिली होती. मोठ्या श्वासाच्या गटातील ३९.८ टक्के रुग्ण मरण पावले; लहान श्वासाच्या गटातील ३१ टक्के. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, पहिल्या दिवसांत मोठ्या श्वासाच्या गटातील रुग्णांच्या रक्तात प्राणवायू अधिक चांगला दिसत होता. डोळ्यांना सुखावणारा आकडा आणि फुप्फुसाचे हित ह्या दोन भिन्न गोष्टी होत्या.

ह्या चाचणीतील 'किलो' हे वजनकाट्यावरचे नव्हते. ते रुग्णाच्या उंचीवरून काढलेले होते. दीडशे वर्षांपूर्वी पाण्यावरच्या पिंपाने हचिन्सनला जे सांगितले होते, ते येथे पुन्हा मानावे लागले.

ह्याचा हृदय-शस्त्रक्रियेशी जवळचा संबंध आहे. २०१२ साली कॅनडातील क्वेबेक येथून हृदय-शस्त्रक्रिया झालेल्या ३४३४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर मोठे श्वास मिळालेल्यांत इतर अवयव निकामी होण्याचे प्रमाण अधिक आढळले. असे मोठे श्वास बहुधा कोणाच्या वाट्याला येत होते? स्त्रियांच्या आणि स्थूल व्यक्तींच्या. कारण उघड आहे. आपल्या घरातल्या एखाद्या आईचा विचार करा. उंची १५० सेंटिमीटर, वजन ७५ किलो. वजनावर हिशेब करून दर किलोमागे १० मिलिलिटर दिले, तर तिला ७५० मिलिलिटरचा श्वास मिळेल. परंतु तिच्या उंचीप्रमाणे तिचे फुप्फुस सुमारे ४३ किलोच्या स्त्रीचे आहे. तिला २६० ते ३४५ मिलिलिटर पुरेत. दुपटीहून मोठा घास तिच्या फुप्फुसात कोंबला जाईल आणि झोपेत असल्यामुळे ती नको म्हणू शकणार नाही. तिच्या वतीने तो विरामातील आकडाच काय ते बोलेल.

मर्यादेचे शहाणपण

श्वसनयंत्र अगदी नवे होते तेव्हाच, २४ नोव्हेंबर १९५७ रोजी, पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांना उद्देशून एक भाषण केले होते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या डॉक्टर ब्रुनो हाइड यांनी प्रश्न पाठवले होते: आशा उरली नसतानाही यंत्र चालूच ठेवले पाहिजे काय? पोप महोदयांनी सांगितले की, जीव राखण्यासाठी सामान्य उपाय योजणे हे कर्तव्य होय, असामान्य उपायांची सक्ती नाही. आणि मृत्यूचा नेमका क्षण ठरवणे हे ख्रिस्तसभेचे नव्हे, डॉक्टरांचे काम आहे. यंत्र केव्हा थांबवावे, हा त्यांच्या पुढचा प्रश्न होता. यंत्र चालू असताना त्याने किती द्यावे, हा आपल्या लेखाचा. दोहोंच्या मुळाशी मात्र एकच जाणीव आहे. सामर्थ्य हाती आले म्हणजे ते सगळे वापरलेच पाहिजे असे नाही.

आज बहुतेक रुग्ण हृदय-शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच यंत्रावरून उतरतात आणि स्वतःचा श्वास स्वतः घेऊ लागतात. ज्यांना अधिक वेळ लागतो, त्यांच्या उशाशी कुणीतरी मधूनमधून एक कळ दाबते, छाती क्षणभर वर आलेली तशीच थांबते आणि काटा स्थिरावतो. काचेबाहेर उभ्या असलेल्या नातलगाच्या काळजाचा त्या वेळी ठोका चुकतो. पुढच्या खेपेस तो विराम दिसला, तर घाबरू नये. फुप्फुसाचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी यंत्राला तेवढे थांबावेच लागते. कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांचा तळहातही रात्रभर तेच ऐकत होता.